साहेल: भुकेचा आकडा शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवला तर काय होतं?

नायजरकाठ (धागालेखिका)

नायजरच्या अन्नटंचाईच्या बातमीवर इथे मध्यंतरी बरंच बोलणं झालं. 'इतके कोटी लोक उपाशी' हे आकडे येतात कुठून, कोण काढतं, मदत मागणाऱ्या संस्था ते फुगवत नसतील कशावरून, असे प्रश्न आले. प्रश्न रास्त आहेत. पोषणाच्या कामानिमित्त मी नायजरच्या राजधानीत, नियामेत राहिले आहे आणि हे आकडे जिथे ठरतात त्या बैठकांना बसले आहे. बातमीखाली लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

साहेल म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा. पिकं आपल्या ओळखीची: बाजरी, ज्वारी, चवळी, भुईमूग. जून ते सप्टेंबर पाऊस, एकच हंगाम. १९६८ पासून पावसाने ओढ दिली ती पाच-सहा वर्षं. चाड सरोवर आटत गेलं, गुरं मेली, माणसं मेली. सप्टेंबर १९७३ मध्ये तिथले देश बुर्किना फासोच्या वागादुगूला जमले आणि दुष्काळाशी लढण्यासाठी एक कायमची समिती काढली. फ्रेंच आद्याक्षरांवरून तिला सगळे 'सिल्स' म्हणतात. पुढच्या वर्षी नियामेत 'आग्रीमेत' हे शेती-हवामानाचं केंद्र सुरू झालं. आज सिल्समध्ये १३ देश आहेत. १९८४ साली मदत देणारे देश आणि हे देश एका टेबलाशी यावेत म्हणून अन्नसंकट प्रतिबंधाचं एक जाळंही उभं राहिलं.

पहिली कित्येक वर्षं हिशोब फक्त धान्याचा होता. पिकलं किती, आयात किती, साठा किती, खाणारी तोंडं किती, करा वजाबाकी. २००५ साली नायजरमध्ये हा ताळेबंद तोकडा पडला. २००४ मध्ये टोळधाड आली, पाऊसही लवकर थांबला, पण धान्याची तूट पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण ११ टक्केच होती. कागदावर हे संकट मोठं दिसत नव्हतं. प्रत्यक्षात त्या वर्षी 'सीमारहित डॉक्टर' या एका संस्थेने एकट्या नायजरमध्ये ६० हजारांहून जास्त तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. त्यातली मोठी संख्या होती माराडी भागातली, आणि माराडी हा देशाचा धान्य पिकवणारा भाग आहे!

झालं होतं ते असं. उत्तर नायजेरियात भाव चढले. एरवी तिकडून नायजरकडे येणारं धान्य आलं नाही. बुर्किना आणि मालीनेही आपलं धान्य बाहेर जाऊ नये म्हणून अडवणूक केली. माराडीच्या छोट्या शेतकऱ्याने कापणी होताच कर्ज फेडायला बाजरी विकली होती; तीच त्याला जुलैत दामदुपटीने विकत घ्यायची वेळ आली. बाजारात पोती होती, घरात नव्हती. धान्याच्या वजाबाकीत हे कुठेच बसत नाही.

त्यानंतर मोजणी हळूहळू बदलली. १९९९ पासून सिल्समध्ये एक सामाईक चौकट घडत होती, तिचं नाव 'काद्र आर्मोनिझे'. आता घर काय खातं, खाण्यासाठी काय काय विकून झालं, मुलांचे दंडघेर (दंडाच्या घेराचं माप) काय सांगतात आणि मृत्यू किती, या चार गोष्टी एकत्र पाहतात. पाऊस, पीक, भाव, संघर्ष हे त्यामागची कारणं म्हणून धरतात. मग प्रत्येक जिल्ह्याला पाचांपैकी एक टप्पा मिळतो. पहिला ठीक, दुसरा ताणाचा, तिसरा संकटाचा, चौथा आणीबाणीचा, पाचवा उपासमारीचा. जिल्ह्यातली निदान २० टक्के माणसं ज्या टप्प्यात किंवा त्याहून वाईट अवस्थेत असतील, तो त्या जिल्ह्याचा टप्पा. बातम्यांमध्ये येतो तो आकडा तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या माणसांचा असतो. हे नीट लक्षात घ्या: ते सगळे उपाशी मरत नसतात. त्यातले बहुतेक एक वेळचं जेवण सोडत असतात, बियाणं खात असतात, दुभती शेळी विकत असतात.

हे वर्षातून दोनदा होतं. कापणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळी पुढच्या जून ते ऑगस्टचा अंदाज बांधतात, कारण तेच कोठार रिकामं असण्याचे महिने. आधी प्रत्येक देशात शेती, पशुधन, आरोग्य, सांख्यिकी ही खाती, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि बिगरसरकारी संस्था एकत्र बसून जिल्हावार टप्पे ठरवतात. मग सगळे देश एकत्र येतात आणि एकमेकांचे नकाशे तपासतात. मला या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एखादा देश म्हणाला की आमचा सीमेवरचा जिल्हा दुसऱ्या टप्प्यात आहे, तर पलीकडच्या देशाचा माणूस विचारतो, 'आमच्या बाजूला तेच रान, तोच बाजार, तीच माणसं, आणि आम्ही तिसऱ्यात. तुमच्याकडे वेगळं काय आहे ते दाखवा.' मग पुरावा काढावा लागतो.

एप्रिल २०२५ मध्ये पश्चिम आणि मध्य आफ्रिकेसाठी जो अंदाज जाहीर झाला, त्यात जून ते ऑगस्ट या काळात ५ कोटी २० लाखांहून जास्त लोक तिसऱ्या किंवा वरच्या टप्प्यात जातील असं म्हटलं होतं. त्यात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या नायजेरियाचा. तो देश सिल्सचा सदस्य नाही, पण मोजणी याच चौकटीने करतो.

आता राजकारण. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाने निर्बंध लादले, नायजेरिया आणि बेनिनच्या सीमा बंद झाल्या, अन्नाचे ट्रक बेनिनमध्ये अडकले. निर्बंध उठले फेब्रुवारी २०२४ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना आणि नायजर या तिघांनी तो समुदायच सोडला. सिल्सचं मुख्यालय मात्र अजून वागादुगूतच आहे आणि आग्रीमेत नियामेत. सरकारं एकमेकांशी धड बोलत नाहीत अशा काळात त्यांचे सांख्यिकी अधिकारी एका नकाशावर एकमत करतात, याचं महत्त्व आपण ओळखायला हवं. हे धागे तुटू नयेत असं मला फार मनापासून वाटतं.

---

आकडेमोड

उत्तम धागा. एक शंका. एकमताने ठरवायचं म्हटलं की घासाघीस आलीच. एखाद्या सरकारला आकडा कमी हवा असतो, अब्रू जाते म्हणून. दुसऱ्याला जास्त हवा असतो, मदत येते म्हणून. मग जे निघतं तो तह असतो की मोजमाप?

---

नायजरकाठ

दोन्ही प्रकारचा दबाव असतो, नाकारत नाही. २००५ मध्ये नायजरचे तेव्हाचे अध्यक्ष ममादू तांजा यांनी बीबीसीला सांगितलं होतं की लोक चांगले खातेपिते दिसतात. तेव्हा माराडीत उपचार केंद्रांबाहेर आया रांगेत होत्या.

पण पर्याय काय आहे ते पाहा. इतरत्र जगभर वापरतात ती पाच टप्प्यांची पद्धत २००४ मध्ये सोमालियासाठी तयार झाली. साहेलच्या चौकटीची ती चुलत बहीणच. तिथे सरकार नाराज झालं की काय होतं? २०२१ मध्ये इथिओपियातल्या टिग्रे प्रांतातले साडेतीन लाख लोक पाचव्या टप्प्यात असल्याचं विश्लेषण आलं, इथिओपियाच्या सरकारने ते मान्य केलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुदानच्या सरकारने दुष्काळाचा अहवाल जाहीर होण्याच्या तोंडावर त्या पद्धतीतून अंग काढून घेतलं. बाहेरून आलेला आकडा 'परक्यांचा' म्हणून झटकता येतो. शेजाऱ्यांसोबत आपल्याच अधिकाऱ्यांनी सही केलेला आकडा झटकणं जड जातं. पुराव्यालाही दर्जा द्यावा लागतो: पाहणी किती जुनी, नमुना केवढा, प्रत्यक्ष घरी जाऊन की फोनवर. पुरावा कच्चा असेल तर जिल्हा 'विश्लेषण नाही' म्हणून कोरा राहतो. कोरा जिल्हा ही सुद्धा माहितीच.

खरी अडचण वेगळी आहे. जिथे सर्वांत जास्त भूक, तिथेच पोचता येत नाही. बुर्किनाचं जिबो शहर फेब्रुवारी २०२२ पासून सशस्त्र गटांनी वेढलेलं आहे. २०२३ च्या जून ते ऑगस्टच्या अंदाजात पाचव्या टप्प्यातले ४५ हजार लोक धरले होते, त्यांपैकी ४२ हजार बुर्किनाचे. अशा ठिकाणी फोन, निर्वासितांच्या मुलाखती आणि उपग्रहाची चित्रं यावरच भागवावं लागतं. माझी सगळ्यात मोठी काळजी तिथली आहे, आकडे फुगवण्याची नाही.

---

गोदाकाठ

ताई, वाचताना १९७२ आठवलं. साहेलचा तो दुष्काळ आणि आपला बहात्तरचा एकाच काळातले. मी तेव्हा मराठवाड्यात शाळेत होतो. आई-वडील दोघं पाझर तलावाच्या कामावर. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, भाकरी थापताना तुटायची. कामावर पोरांना सुकडी मिळायची, तिच्यासाठी आम्ही शाळा सुटली की थेट कामावर.

आता माझा मुद्दा. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्या काळातल्या महाराष्ट्राची आणि साहेलची तुलना केली आहे. दरडोई धान्य उत्पादन महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी झालं होतं. तरी आपल्याकडे तशी माणसं मेली नाहीत. का? मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. हातात मजुरी होती, म्हणून धान्य बाहेरून ओढलं गेलं. मोर्चे निघत होते, आमदार विधानसभेत भांडत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला.

आपल्याकडेही मोजणी होतीच. पिकाची पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की टंचाई. पण नुसत्या पैसेवारीने कोणाचं पोट भरलं नाही. त्या आकड्यामागे सरकारला बांधून घेणारे नियम होते. साहेलच्या नकाशात एखादा जिल्हा लाल झाला तर दुसऱ्या दिवशी तिथे काय सुरू होतं? कोणावर बंधन आहे का? नसेल तर ही सगळी मेहनत नकाशापाशीच थांबते.

---

नायजरकाठ

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. बंधन नाही. देश आपली प्रतिसाद योजना करतात, देणगीदारांपुढे ठेवतात, आणि त्यातला किती पैसा येईल हे दरवर्षी नशिबावर. १९९० मध्ये अन्नमदतीबाबत एक सनद झाली, २०११ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. देशांनी आणि देणगीदारांनी एकमेकांना दिलेला शब्द एवढंच तिचं वजन.

पण एक फरक लक्षात घ्यावा. बहात्तरला महाराष्ट्रामागे अख्खा भारत होता: रेल्वे, अन्न महामंडळाची गोदामं, केंद्राचा पैसा. नायजरमागे कोण? समुद्र नाही, बंदर शेजाऱ्याचं, तिजोरी तोकडी. म्हणूनच २०१३ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या देशांनी सामाईक धान्यसाठा उभारला. आधी गावाची कोठारं, मग देशाचा साठा, आणि ते दोन्ही पुरेनात तेव्हा प्रादेशिक साठा, अशी कल्पना. साठा गरजेच्या मानाने छोटा आहे. पण कोणाला किती द्यायचं ते याच आकड्यांवरून ठरतं, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी नकाशा आणि पोतं जोडलेलं आहे. ज्या दिवशी 'लाल जिल्हा म्हणजे इतकं धान्य, इतकी मजुरी' असा नियम होईल, त्या दिवशी तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळेल.

---

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात अंगणवाड्यांच्या कामात आहे. दंडघेराचा उल्लेख वाचून विचारावंसं वाटलं. तिथे माप कोण घेतं? आमच्याकडे सेविका घेतात, सॅम-मॅमची (अतितीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची) यादी निघते. पण पाड्यावरचं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं की मूल यादीतून निसटतं. पाच-सहा महिन्यांनी परत येतं तेव्हा कितीतरी खालावलेलं असतं. स्थलांतराची नोंद सुरू झाली आहे, पण राज्याच्या हद्दीपलीकडे काय झालं ते मला इथे बसून कळत नाही. तिकडच्या सेविकेला माझ्या मुलाचं नाव माहीत नाही, मला तिचा फोन माहीत नाही.

---

नायजरकाठ

सातपुडाताई, दंड मोजायची तुमची पट्टी आणि त्यांची पट्टी एकच. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, ११५ ते १२५ पिवळी, वर हिरवी. सहा महिने ते पाच वर्षं. दोन्ही पायांना सूज आहे का तेही बघायचं.

माप कोण घेतं, यात तिथे एक फार चांगला बदल झाला. नायजरच्या झिंदेर भागातल्या मिरिया जिल्ह्यात आयांनाच पट्टी दिली आणि शिकवलं. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, पट्टी ना सैल ना आवळून, खिडकीत कोणता रंग दिसतो ते बघ. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. आयांची मापं आरोग्य कार्यकर्त्यांच्या तोडीस तोड निघाली. मुलं आधीच्या अवस्थेत सापडू लागली आणि त्यामुळे दवाखान्यात भरती करावी लागणारी मुलं कमी झाली. मी पाहिलेल्या एका गावात एक आजी घरातल्या सगळ्या नातवंडांना दर शुक्रवारी ओळीने उभं करायची. पट्टी पिवळीवर आली की सुनेला घेऊन स्वतः केंद्रावर हजर.

स्थलांतराचं तुमचं दुखणं तिथेही आहेच. फुलानी पशुपालक पावसाळा संपला की गुरं घेऊन दक्षिणेला नायजेरिया, बेनिनकडे उतरतात आणि पाऊस लागताना परततात. आपले धनगर कोकणात उतरतात, अगदी तसं. त्यांची मुलं दोन्हीकडच्या पाहणीतून सुटतात. तुमच्या सीमेसाठी मला वाटतं पट्टी आईच्या हातात देणं हाच सगळ्यात जवळचा उपाय. यादी सीमेवर थांबते, आई थांबत नाही.

---

सातपुडा

हे मनाला पटलं. दिवाळीनंतर कुटुंबं निघायच्या आधी दोन पाड्यांवर करून बघते. इथे कळवेन.

---

कोठार

आमचं धान्याचं अडत दुकान आहे, म्हणून भावाबद्दल. पाहणी सहा महिन्यांनी होते, भाव रोज बोलतो. तिथे भावाची नोंद कशी घेतात? आणि फक्त बाजरीचा भाव बघून काही कळतं का? भाव चढला म्हणजे कोणाच्या तरी हातात पैसा आहे असाही अर्थ होऊ शकतो.

---

नायजरकाठ

बरोबर, एकटा भाव फसवतो. म्हणून तिथे जोडी बघतात: एका बोकडाच्या पैशात किती किलो बाजरी येते. उन्हाळ्यात चारा संपतो, जनावर रोडावतं, त्याचा भाव पडतो. त्याच वेळी बाजरी महागते. दोन्ही बाजूंनी कात्री लागली की पशुपालकाच्या घरात काय चाललं असेल ते पाहणीच्या आधीच कळतं. शेतमजुरासाठी हाच हिशोब एका दिवसाच्या मजुरीत किती बाजरी असा करतात.

नोंद आठवडी बाजारात जाऊन घेतात. घाऊक भाव १०० किलोच्या पोत्याचा. किरकोळ विक्री 'तिया' या भांड्याने होते, साधारण अडीच किलोचं. गरीब गिऱ्हाईक तियाच घेतं, आणि तियाचा दर पोत्याच्या दरापेक्षा चढाच असतो, म्हणून दोन्ही नोंदवावे लागतात. नायजेरियातल्या कानोजवळचा दवानाऊ हा तिथला सर्वांत मोठा धान्यबाजार. तिथे भाव हलला की आठवड्या-दोन आठवड्यांत माराडी-झिंदेरला हलतो.

---

लांबचापल्ला

हे सगळं वाचून प्रश्न पडतो, दक्षिण आशियात असं का नाही? सार्कची अन्नबँक आहे ना? २००७ मध्ये करार झाला होता.

---

टोळविरोधी

करार आहे, धान्य ज्याच्या त्याच्या गोदामात राखून ठेवायचं अशी रचना आहे. पण सार्कची शिखर परिषदच २०१४ च्या काठमांडूनंतर झालेली नाही, तर एकत्र मोजणी कुठून होणार.

मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण पीक संरक्षणात काम केलं आहे. टोळांच्या बाबतीत भारत आणि पाकिस्तान कित्येक वर्षं एकमेकांना माहिती देत आले आहेत. राजस्थानातलं मुनाबाव आणि पलीकडचं खोखरापार इथे हंगामात दोन्हीकडचे टोळ अधिकारी भेटत. दक्षिण-पश्चिम आशियाचा टोळ आयोग १९६४ पासून आहे, त्यात भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान. मे २०२० मध्ये टोळ अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले तेव्हा आपल्या संत्रा बागायतदारांना धडकी भरली होती. बलुचिस्तानात आणि इराणात त्यांची पैदास झाल्याची माहिती आधीपासून येत होती, म्हणून राजस्थानात फवारणीची तयारी सुरू झाली होती. कीड सीमा पाळत नाही हे दोन्ही सरकारांना पटतं. कुपोषणाबद्दल तेवढं पटलेलं नाही, एवढाच फरक. आसामातल्या धुबरीच्या पलीकडे बांगलादेशातलं कुरीग्राम आहे, तोच ब्रह्मपुत्रेचा पूर, तीच नदीतली वाळूची बेटं, तीच बुडालेली भातं. दोन्हीकडच्या पोषणाच्या लोकांनी वर्षातून एकदा जरी एकमेकांचे आकडे पाहिले तरी खूप कळेल.

---

आकडेमोड

माझी शंका बरीचशी फिटली. शेवटचा प्रश्न, पैशाचा. हे सगळं चालवतं कोण?

---

नायजरकाठ

मोठा भाग बाहेरच्या पैशावर: युरोपीय संघ, फ्रान्स, अमेरिका, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था. इथेच ही इमारत कच्ची आहे. १९८४-८५ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर अमेरिकेने दुष्काळाची पूर्वसूचना देणारी 'फ्यूज नेट' ही यंत्रणा काढली होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि तिचं संकेतस्थळ बंद पडलं. काही महिन्यांनी ते परत आलं, पण मधल्या काळात भाव आणि पावसाच्या कित्येक मालिका ज्यांच्या भरवशावर होत्या ते विश्लेषक अडकले. उपग्रहाची चित्रं कुठूनही मिळतात. घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नांना मात्र पेट्रोल लागतं, माणसाचा भत्ता लागतो, आणि तो एक हंगाम चुकला की ती उत्तरं नंतर कितीही पैसे टाकले तरी मिळत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. निदान घरोघरीची पाहणी आणि भावांची नोंद या दोन गोष्टींचा खर्च या देशांनी स्वतःच्या अर्थसंकल्पातून करावा, धान्यसाठ्याच्या आधी. रक्कम त्या मानाने लहान आहे.

नवीन फेरीचे आकडे नोव्हेंबरअखेर देशवार येऊ लागतात आणि डिसेंबरच्या बैठकीत एकत्र मांडले जातात. आले की याच धाग्यावर टाकते. त्यात नायजरमधला तिलाबेरी आणि मालीतला मेनाका हे दोन भाग कोरे आहेत की रंगलेले, ते आधी बघा.